केळुसकर गुरुजींचे काम कोण करणार?

(अदलिया, बहारीन येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय व्यवसायातील माणसास व्यासपीठावर बोलाविले म्हणजे त्याने रक्तदाब आणि मधुमेह यांवर चार शब्द सांगावेत, अशी अपेक्षा असते. ते विषय महत्त्वाचे आहेत. परंतु आज आम्ही आपल्या घराघरांतील दुसऱ्या एका चिंतेविषयी बोलणार आहोत. बारावीचा निकाल लागतो, मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते, पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री आई-वडील शुल्काचा हिशेब मांडून बसतात. प्रवेशाची मुदत आठ दिवसांची असते आणि रक्कम लाखांत असते. आपली मुले गुणांत कमी पडत नाहीत. ती शुल्क भरण्याच्या तारखेस कमी पडतात. अशा वेळी सोने गहाण पडते किंवा सावकाराकडे जावे लागते, आणि दोन्ही न जमल्यास मुलगी मनातला अभ्यासक्रम सोडून स्वस्तातला अभ्यासक्रम धरते. हे टाळता येण्याजोगे आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी अनेकांना मदत मागणे कमीपणाचे वाटते. "बाबासाहेबांनी आम्हांला स्वाभिमान शिकविला, आम्ही कोणापुढे हात पसरणार नाही," असे बाणेदार उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले, हे या उत्तरात विसरले जाते.

त्यांच्या शिक्षणाच्या आर्थिक बाजूकडे पाहिले तर तीन प्रकारचा पैसा दिसतो. पहिला प्रकार शिष्यवृत्तीचा. इंटरच्या परीक्षेनंतर महाविद्यालयीन शिक्षण पुढे चालू ठेवण्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळू लागले. पुढे ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करारपत्र केले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, अशी ती अट होती. त्या अटीस जागून १९१७ साली ते बडोद्यास गेले. तेथील अस्पृश्यतेने त्यांना राहावयास छप्परही मिळू दिले नाही, हा इतिहास आपण सारे जाणतो. दुसरा प्रकार निरपेक्ष साहाय्याचा. १९२० साली लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यास ते निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना हातभार लावला. तिसरा प्रकार मित्राच्या कर्जाचा. त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. या तिन्हींच्या जोडीला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असताना काटकसरीने साठविलेली स्वतःची पुंजी होती, आणि ती पुंजी साठावी म्हणून माता रमाईंनी मुंबईत सोसलेले हाल होते.

यांपैकी कोणत्या पैशाने बाबासाहेबांचा स्वाभिमान उणावला? त्यांनी अर्ज केले, अटी वाचल्या, सही केली आणि घेतलेल्या पैशाचे विद्येत रूपांतर करून ते समाजास अनेक पटींनी परत दिले. ज्ञानासाठी घेतलेले साहाय्य हे समाजाचे ऋण असते. ते घेण्यात लाज नाही. ते विसरण्यात मात्र आहे.

आता या इतिहासातील एका बाजूच्या पात्राकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. सयाजीराव महाराजांची मदत करण्याची तयारी होती आणि भीमरावांची योग्यता होती. तरीही या दोहोंची गाठ आपोआप पडली नाही. ती घालून दिली कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलास त्यांनी हेरले, मॅट्रिक झाल्यावर त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा महाराजांची भेट घडवून आणली. गुरुजी श्रीमंत नव्हते. कोणते दार ठोठवावे, केव्हा ठोठवावे आणि काय बोलावे, एवढेच त्यांना ठाऊक होते. आज समाजात दाते आहेत आणि विद्यार्थीही आहेत. वाण आहे ती केळुसकर गुरुजींची.

हे विधान आम्ही आमच्या व्यवसायातील अनुभवावरून करीत आहोत. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. तरीही आपल्या नात्यातील किती जणांनी तिचा लाभ घेतला? ज्यांना माहीत होते आणि ज्यांच्याजवळ वेळेवर कागद होते, त्यांनी घेतला. इतरांनी शेत विकून बिल भरले. शिक्षणनिधीचेही नेमके असेच आहे. ज्याच्यासाठी निधी ठेवला आहे, त्याला त्याचा पत्ताच नसतो.

मग हा शोध कोठून सुरू करावा? आमचे उत्तर असे की, घराच्या उंबरठ्यापासून बाहेर जावे. आपण नेमके उलटे करतो. वर्तमानपत्रात नाव येणाऱ्या, साऱ्या देशातून अर्ज येणाऱ्या एखाद्या मोठ्या शिष्यवृत्तीकडे डोळे लावतो आणि ती हुकली की हताश होतो. मोठ्या शिष्यवृत्तीस हजारो उमेदवार असतात. गावच्या, शाळेच्या किंवा कारखान्याच्या छोट्या निधीस कित्येकदा दहाही अर्ज येत नाहीत. असे तीन छोटे निधी मिळून एका वर्षाचे वसतिगृह निघते.

पहिले वर्तुळ येथले, बहारीनचे. मूल ज्या शाळेत शिकते त्या शाळेच्या कार्यालयात शुल्कसवलतीविषयी लेखी विचारणा करावी. १९५० साली स्थापन झालेली इंडियन स्कूल ही येथील भारतीय समाजाच्या बळावर वाढलेली संस्था आहे. अशा शाळांत गरजू विद्यार्थ्यांचा विचार होतो. पण अर्ज आल्याखेरीज कोणाची गरज कोणास कळणार? त्यानंतर वडिलांच्या कंपनीच्या कार्मिक विभागात विचारावे. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शैक्षणिक भत्ता असूनही कामगारास तो ठाऊक नसतो. कुटुंबावर आकस्मिक संकट कोसळले असेल, तर १९९९ पासून येथे कार्यरत असलेला भारतीय समाज साहाय्य निधी, म्हणजे आयसीआरएफ, आणि आपला दूतावास यांच्याकडे जाण्यास संकोच करू नये. येथील राजघराण्याच्या आश्रयाखालील मोठ्या धर्मादाय संस्था प्रामुख्याने बहारीनी अनाथ व विधवा यांच्यासाठी आहेत. त्यांच्याकडे पाहून आपणांस काही मिळत नाही, अशी तक्रार करणे योग्य नव्हे. या देशाने आपणांस रोजगार दिला आहे.

दुसरे वर्तुळ भारत सरकारच्या परदेशस्थांसाठीच्या सोयींचे. परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती योजना २००६-०७ साली सुरू झाली. भारतात पदवीचे शिक्षण घेणाऱ्यास तीतून वर्षाला कमाल ४,००० डॉलर, म्हणजे सुमारे १,५०० दिनार, एवढे साहाय्य ठरविण्यात आले, आणि आखातासारख्या प्रदेशांतील कामगारांच्या मुलांसाठी तीत वेगळ्या जागा ठेवण्यात आल्या. तिचा अर्ज दूतावासामार्फत जातो. म्हणून त्या वर्षाची मुदत व अटी दूतावासाकडूनच समजून घ्याव्यात. त्याचप्रमाणे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत, म्हणजे एनआयटींत, परदेशस्थांच्या जागांपैकी एक हिस्सा आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी असतो आणि त्यांस शिक्षणशुल्क भारतातील विद्यार्थ्यांइतकेच पडते. शुल्कातील ही सूट कोणत्याही शिष्यवृत्तीहून मोठी आहे. तरी आखातात वर्षानुवर्षे राहिलेल्या अनेक पालकांनी या सोयीचे नावही ऐकलेले नसते.

तिसरे वर्तुळ आपल्या गावाकडचे. अनेकांची मुले तिकडेच आजी-आजोबांजवळ शिकत आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. त्या रकमेतून यंदा कोणत्या योजना घेतल्या, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. राज्याच्या समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे; शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी ती २०१७ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या शासन निर्णयाने सुरू झाली. आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर आपल्या चळवळीचेच अपत्य आहे. ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आमचे स्वतःचे वैद्यकीय शिक्षण याच शिष्यवृत्तीवर झाले. हप्ता उशिरा येई, खाणावळीचे बिल थकत असे. पण तो आला नसता तर आज आम्ही आपल्यासमोर उभे नसतो.

परंतु येथे एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे. या शिष्यवृत्तीस वार्षिक अडीच लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. आजच्या दराने ती महिन्याला शंभर दिनारांच्या आतबाहेर होते. म्हणजे बहारीनमध्ये दीडशे-दोनशे दिनारांवर राबणारा आपला बांधव कागदावर सधन ठरतो. मर्यादेच्या वर गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास राज्याच्या नियमांनुसार शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काची सवलत मिळू शकते. पण खोलीभाडे, भोजन, पुस्तके, प्रवास हा भार कोण उचलणार? शासनाच्या दृष्टीने गरीब नाही आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने श्रीमंत नाही, अशा मधल्या पायरीवर आपली बहुसंख्य कुटुंबे उभी आहेत. धर्मादाय निधीची खरी गरज आहे ती याच पायरीवर.

या अडचणीतून काही लोक एक आडवाट काढतात. वडिलांची येथली कमाई लपवून तहसील कार्यालयातून कमी उत्पन्नाचा दाखला मिळविला जातो. आम्ही हात जोडून सांगतो, हे करू नका. हा कायद्याने गुन्हा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या खोट्या दाखल्याने जी वसतिगृहातील जागा किंवा जो मर्यादित निधी आपण घेतो, तो बहुधा आपल्याच वस्तीतील ऊसतोड मजुराच्या किंवा मोलकरणीच्या मुलीच्या वाट्याचा असतो. पंचशीलातील न दिलेले न घेण्याचे शील आपण दर पौर्णिमेस उच्चारतो. ते तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशीही पाळावयाचे असते.

चौथे वर्तुळ खासगी विश्वस्त निधींचे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापन केलेला जे. एन. टाटा निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. केरळातील एका गरीब दलित कुटुंबातले के. आर. नारायणन याच टाटा शिष्यवृत्तीच्या आधाराने लंडनला शिकले आणि १९९७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. १९५३ साली स्थापन झालेला के. सी. महिंद्र शिक्षण न्यास आणि नरोत्तम सेखसरिया प्रतिष्ठान हेही पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. ही नावे मुंबईची झाली. पण प्रत्येक जिल्ह्यात बँका, साखर कारखाने, व्यापारी मंडळे आणि जुन्या दानशूर घराण्यांचे छोटे न्यास असतात. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. न्यासाच्या उद्दिष्टांत 'शिक्षण' हा शब्द असेल, तर एक सभ्य पत्र पाठविण्यास काय हरकत आहे? मात्र जो कोणी शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. खरा न्यास कागदपत्रे मागतो. तो दलाली मागत नाही.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे विस्ताराने बोलतो. कारण अर्ज बहुतेक वेळा येथेच अडतात. अनुसूचित जातीचा दाखला आपले पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी जेथे राहत होते, तेथील उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. मूल बहारीनमध्ये जन्मले म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण पुरावा गावाकडून आणावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना नंबर १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद, यांच्या नकला पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आवर्जून काढून घ्या. आजोबा हयात आहेत तोवर त्यांना विचारा. पुष्कळदा शाळेचे नावसुद्धा त्यांनाच ठाऊक असते. बौद्ध म्हणून नोंद असल्याने सवलत मिळणार नाही, असा गैरसमज अजूनही आढळतो. महाराष्ट्राने राज्यस्थापनेपासून, १९६० पासून, नवबौद्धांना सवलती दिल्या आणि १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून केंद्रातही तो हक्क मान्य केला. जातवैधता प्रमाणपत्रास महिने लागतात. म्हणून मूल अकरावीत असतानाच ते काम हाती घ्यावे. बारावी बाहेर झालेल्या मुलांच्या बाबतीत पालकांचे महाराष्ट्रातील अधिवास प्रमाणपत्र कामी येते. एक फाईल करा, तिच्यात प्रत्येक कागदाच्या पाच प्रती ठेवा आणि नावाची अक्षरे सर्व कागदांवर सारखी आहेत ना, हे तपासा. एका वेलांटीपायी अर्ज परत येतो.

आता आपण स्वतः काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले होते. दोनशे दिनार मिळविणाऱ्यास हा हिस्सा दहा दिनार होतो. तथागतांनी सिगालास केलेल्या उपदेशात मुलांना विद्या किंवा कला शिकविणे हे आई-वडिलांचे कर्तव्य सांगितले आहे. ज्या आई-वडिलांचे हात तेथवर पोचत नाहीत, त्यांचे हात समाजाने व्हावयाचे, हाच त्याचा आजचा अर्थ आम्ही समजतो.

मात्र उत्साहाच्या भरात आज येथेच झोळी फिरवू नका. बहारीनमध्ये सार्वजनिक कार्यासाठी पैसा गोळा करण्यास २०१३ च्या कायद्यान्वये शासनाचा परवाना लागतो. आपण या देशाचे पाहुणे आहोत आणि येथील कायदा पाळणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. भारतातील नोंदणीकृत न्यासास देणगी द्यावयाची असेल, तर भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम परकीय देणगी गणली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवांची देणगी मात्र तशी गणली जाते आणि त्यासाठी न्यासाची परकीय देणगी कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी असावी लागते. हा फरक न समजल्याने चांगल्या हेतूच्या संस्थाही अडचणीत येऊ शकतात. याखेरीज सर्वांत सरळ मार्ग असा की, एका कुटुंबाने नात्यातल्या किंवा गावातल्या एका विद्यार्थ्याचे शुल्क थेट महाविद्यालयात भरावे.

पैशाहून आधी लागते ती माहिती आणि सोबत. म्हणून आमची नम्र सूचना अशी आहे की, संघटनेने पाच जणांचे एक अर्ज-साहाय्य मंडळ नेमावे. त्यांनी एक नोंदवही ठेवावी. निधीचे नाव, कोणास मिळतो, कोणत्या महिन्यात अर्ज, कोणते कागद, एवढे रकाने पुरेत. ऐकीव नोंद लिहू नये. संबंधित कार्यालयात विचारून खात्री करूनच लिहावी आणि दरवर्षी ती ताजी करावी. दहावीनंतरच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक मार्गदर्शक नेमून द्यावा. आपल्यात अभियंते आहेत, लेखापाल आहेत, परिचारिका भगिनी आहेत. ज्याला इंग्रजी पत्र चांगले लिहिता येते त्याने पत्र लिहावे. ज्याला संगणक येतो त्याने अर्ज भरून द्यावा. यासाठी कोणाचा परवाना लागत नाही आणि एक दिनारही खर्च होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी तीन गोष्टी. साहाय्य मिळाले की आठ दिवसांत आभाराचे पत्र पाठवा. दरवर्षी आपले गुण त्या दात्यास कळवा. नापास झालात तरी कळवा. आणि कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली असेल, तर नोकरी लागल्यावर पहिला हप्ता तिचा फेडा. न्यासाकडे परत आलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या मुलाच्या हाती जातो. तुम्ही तो बुडविला, तर तुमच्या मागून येणाऱ्या, तुमचेच आडनाव असणाऱ्या मुलाकडे विश्वस्त संशयाने पाहतील. तुमच्या वागणुकीवर त्याचे दार उघडे राहणार आहे.

बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रातील पहिला शब्द शिक्षणाचा आहे. तो आपण दरवर्षी फलकावर लिहितो. या वर्षी त्याखाली पाच स्वयंसेवकांची नावे आणि एका नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले, तर येत्या जूनमध्ये आपल्यातील एका तरी घरी सोने गहाण पडणार नाही. सयाजीरावांसारखे दाते आपण निर्माण करू शकत नाही, बाबासाहेबांसारखी प्रज्ञा तर शतकातून एकदा जन्मते. पण केळुसकर गुरुजींचे काम या सभागृहातील प्रत्येकास करता येण्याजोगे आहे. ते आपण करावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!